उत्तरेच्या उजेडातला मासा

शेडमास्तरांनी पहिल्या दिवशी तीन मासे नापास केले आणि दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या खेपेला ते दुकानात शिरले तेव्हा दुकानदाराने त्यांना बघूनच जाळी उचलली आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"काका, आजही दारापर्यंत न्यायचा का?"

"न्यायचा म्हणजे न्यायचा. दिव्याखाली मी काही पास करत नाही."

दुकान लांबट आणि अंधारं होतं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत काचेच्या टाक्या, प्रत्येक टाकीवर निळसर दिवा, आणि त्या दिव्यांखाली मासे असे झगझगत की कोणालाही वाटावं, उचलावेत आणि सगळेच घरी न्यावेत. मास्तरांना तसं वाटत नव्हतं. या दिव्यांखाली पुसायचं फडकंसुद्धा रेशीम दिसेल, असं ते पहिल्याच दिवशी दुकानदाराच्या तोंडावर बोलले होते. त्या दुकानात त्यांना मनापासून पसंत पडलेली गोष्ट एकच, ती म्हणजे दार उत्तरेला उघडत होतं.

मग तो सगळा खटाटोप सुरू व्हायचा. दुकानदार मासा जाळीत धरणार, पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत सोडणार, आणि दोघं वरात काढल्यासारखे दारापर्यंत चालत येणार. उंबऱ्यावर मास्तर आधी समोरच्या इमारतीच्या राखाडी भिंतीकडे मिनिटभर टक लावून बघायचे. त्यानंतर पिशवी डोळ्यांसमोर धरायची, मान जराशी डावीकडे कलवायची, एक श्वास घ्यायचा. पिशवीतला मासा पंख अंगाला चिकटवून बुडाशी निपचित बसलेला असायचा.

"राखाडी. परत ठेवा."

दुकानदार बिचारा भला माणूस. दुसरा कोणी असता तर त्याने काकांना माशासकट बाहेरचा रस्ता दाखवला असता. पण पाच फुटांची टाकी त्यानेच यांच्या घरी बसवली होती. वाळू, दगड, पाणी खेळवायचं यंत्र, सगळं जागच्या जागी लावून दिलं होतं. तीन आठवडे त्या टाकीत नुसतं पाणी फिरत होतं, आणि एवढी मोठी टाकी रिकामी राहिली तर त्यालाही चैन पडण्यासारखं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांनी अडतीस वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात काढली, तीही सगळी एका खोलीत. गिऱ्हाइकाकडून हाताच्या तळव्याएवढा कापडाचा तुकडा यायचा, त्या रंगाचे गठ्ठेच्या गठ्ठे रंगून निघायचे, आणि रंग जुळला की नाही हे एका माणसाच्या डोळ्याने ठरायचं. तो डोळा मास्तरांचा, रंगाची शेड पास-नापास करणारा, म्हणून शेडमास्तर. पुढे यंत्र आलं. ते रंगाचा आकडा सांगायचं. इंजिनिअर लोक तो आकडा घेऊन मास्तरांकडे यायचे आणि आकडा बरोबर आहे का, ते विचारायचे. मास्तरांना यात काही विशेष वाटायचं नाही.

त्या खोलीच्या भिंती राखाडी, टेबल राखाडी, आणि मास्तरांच्या अंगात कायम राखाडी कोट, कारण आपल्याच शर्टाचा रंग नमुन्यावर पडायला नको. खिडकी एकच आणि ती उत्तरेची, म्हणजे ऊन कधी आत यायचं नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा. नमुना बघण्याआधी मिनिटभर भिंतीकडे बघायचं. याला ते डोळे धुणं म्हणायचे. आणि दुपारी चारच्या ठोक्याला खोलीला कडी. चारनंतर मालकाने लोटांगण घातलं तरी शेड पास व्हायची नाही. नवीन लोकांना हा मास्तरांचा हेकटपणा वाटायचा. जुन्यांना ठाऊक होतं की त्या नियमामागे एक गोष्ट आहे, आणि मास्तर ती रंगवून सांगतात.

घरीही तेच. भिंतींचा रंग, पडदे, चादरी, लेकीचं शाळेचं दप्तर, बायकोचे स्वेटर, सगळं मास्तरांच्या नजरेखालून जायचं. बायको दोन नमुने दोन हातांत धरून खिडकीशी उभी राहायची आणि मास्तर म्हणायचे, "डावा." झालं, डावा. शेजारपाजारचे लोक दारं रंगवायच्या आधी मास्तरांना विचारून जायचे. जाता जाता बायकोला म्हणायचे, "वहिनी, तुमचं बरंय, तुम्हाला डोक्याला ताप नाही." ती हसून चहा टाकायला आत जायची. तिला कधी कोणी विचारलं नाही, आणि कोणी विचारलं नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता ती गोष्ट. मास्तर तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि मास्तर झालेले नव्हते. एका मोठ्या नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं होतं. गडद निळं, जाड कापड, पंचेचाळीस गठ्ठे. गाडी दारात उभी, चालक भोंगा वाजवतोय, संध्याकाळचे साडेचार झालेले आणि बाहेर आभाळ भरून आलेलं. यांनी दिवा लावला, दिव्याखाली नमुना धरला आणि शिक्का मारला. गाडी भरायची तेवढी सकाळवर राहिली, कारण शेवटचे काही गठ्ठे अजून तपासणीच्या टेबलावर होते. सकाळी कळलं की सगळा माल अडलाय.

अडवला होता एका मुलीने. तपासणीच्या टेबलावर लागून तिला पुरते तीन आठवडे झाले नव्हते. तिचं म्हणणं एवढंच, की यात हिरवट आहे. मुकादमाने तिला वेड्यात काढलं. शिक्का बसलेल्या मालाला ही कालची पोर नावं ठेवणार, म्हणून टेबलावरच्या बायकाही हसल्या. कापडाचं एक टोक खांद्यावर टाकून ती वर गेली, उत्तरेच्या खिडकीशी उभी राहिली आणि यांची वाट बघत राहिली.

हे आले. भिंतीकडे मिनिटभर बघितलं आणि नंतर कापडाकडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हिरवट होतं, केसभर का होईना, पण होतं. एवढ्या मोठ्या पडद्यावर ते केसभर मैलभर दिसलं असतं.

माल पुन्हा रंगला. यांनी दोन्ही खेपांचा तळव्याएवढा एकेक तुकडा कापून एका कार्डावर टाचणीने लावला, डावीकडे नापास आणि उजवीकडे पास. मागे गठ्ठ्यांचा क्रमांक लिहिला, तारीख घातली आणि सही केली. कार्ड फायलीत जायचं ते खिशातून घरी आलं. वर्षभराने ती मुलगीही घरी आली, रीतसर लग्न करून. लेक झाल्यावर तिने काम सोडलं. चारच्या ठोक्याची गोष्ट सांगताना मास्तर गाडीचा भोंगा वाजवून दाखवायचे, भरलेलं आभाळ सांगायचे, कानाच्या पाळ्यासुद्धा सांगायचे. फक्त त्या जागी आले की म्हणायचे, "मग तपासणीत लक्षात आलं." एवढंच. त्यात त्यांची लबाडी होती असं नाही. सांगायची तशी सवयच होऊन गेली होती. पण अशा सवयी बायकोच्या लक्षात असतात.

निवृत्तीनंतरची पहिली वर्षं बरी गेली. दीड वर्षापूर्वी एका दुपारी मास्तर जुने कागद चाळत होते. कार्ड हाताला लागलं, गंजलेल्या टाचण्या निसटल्या आणि दोन्ही तुकडे मांडीवर पडले. ते उचलताना पास कोणता आणि नापास कोणता, हे त्यांना कळेना. ते खिडकीशी गेले. भिंतीकडे मिनिटभर बघितलं, दोन मिनिटं बघितलं. तुकडे सारखेच दिसत होते, चहात बुडवून वाळवल्यासारखे मळकट. शेवटी अंदाजाने एक डावीकडे आणि एक उजवीकडे टोचून त्यांनी कार्ड खणाच्या तळाशी सारलं.

त्यानंतर त्यांनी घरात पडदे आणले. फिका निळा म्हणून आणले. बायको बघून "छान आहेत" म्हणाली. लेक दुसऱ्या गावी असते, तिने फोनच्या पडद्यावर ते बघितले, जरा थांबली आणि म्हणाली, "आई, हे तू आणलेस का?" मास्तर पेपर वाचत असल्याचं सोंग घेऊन बसले होते. ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले नाहीत. डॉक्टर ते मोठ्याने बोलून दाखवणार, आणि एकदा बोललं गेलं की गावभर होणार. शेडमास्तरांना शेड दिसत नाही. मग मागे उरलं काय, तर एक राखाडी कोट.

अशात ही टाकी आली. बायकोचे गुडघे धरलेले, बाहेर जाणं कमी झालेलं, दिवसभर ती पुढच्या खोलीत खिडकीजवळ बसून असायची. लेकीने ठरवलं की आईला बघायला काहीतरी जिवंत हवं. दुकानदाराने सांगितलं, एवढी मोठी टाकी असेल तर सिक्लिड ठेवा. लांबच्या कुठल्याशा मोठ्या तळ्यातला मासा, हुशार असतो, माणूस ओळखतो, आणि रंग म्हणाल तर दुसऱ्या कशात तसा मिळायचा नाही. एक रंगीत नर आणि चार साध्या माद्या. नर सोडायचा सगळ्यांत शेवटी, नाहीतर तो टाकी बापाची समजतो. पण ठरवायचा आधी, कारण बाकीचा संसार त्याच्या स्वभावाला धरून लावायचा असतो.

"बाबा, रंग तुम्हीच निवडा," लेक फोनवर म्हणाली. "तुमच्याशिवाय आहे कोण?"

बायको तेव्हा शेजारीच बसली होती. तीन आठवडे ती टाकीतलं पाणी बघत बसली होती. "दगड छान पोहतायत," असं लेकीला सांगायची.

मास्तरांची अडचण अशी होती. पडदा चुकला तर रंग धुण्यात उडाला म्हणता येतं. मासा चुकला तर ती चूक बैठकीच्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रोज पोहणार होती. म्हणून ते नापास करत सुटले होते. नापास करण्यात धोका नसतो. चाळीस वर्षांच्या नावाजलेल्या डोळ्याने एखादी वस्तू नाकारली तर लोक त्या वस्तूकडेच संशयाने बघतात.

पण तिसऱ्या खेपेला, आठवा मासा पिशवीत "राखाडी" ठरल्यावर, दुकानदाराचाही धीर सुटला.

"काका, एक बोलू? राग मानू नका. कापड घाबरत नाही. मासा घाबरतो."

"म्हणजे?"

"जाळीत धरला, पिशवीत कोंबला, उजेडात आणला, की त्याचा जीव मुठीत येतो. मग तो रंग उतरवून टाकतो. तुमचे आठही मासे इथे दारात राखाडीच होते. टाकीत सोडले की पुन्हा रंगावर येतात. तुम्ही बघता ती त्याची भीती आहे, रंग नाही."

मास्तर उंबऱ्यावर पिशवी धरून तसेच उभे राहिले. अडतीस वर्षांची पद्धत माशांच्या बाबतीत कुचकामी आहे, हे त्यांना पटलं. त्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. दुःख दुसऱ्याच गोष्टीचं होतं. मासे भीतीनेच राखाडी झाले होते, तर मग आपल्या डोळ्यांनी त्यांना किती राखाडी केलं, हे आता कळायला मार्ग नव्हता. त्यांनी पिशवी दुकानदाराच्या हातात दिली आणि छत्री तिथेच विसरून घरी आले.

"किती नापास झाले आज?" बायकोने विचारलं.

"एक. माल चांगला नाही त्याच्याकडे."

तिने त्यांच्या रिकाम्या हाताकडे बघितलं. "छत्री कुठंय?"

"राहिली."

"मग उद्या मीच येते. छत्री पण आणू आणि मासा पण."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोघं टॅक्सीने दुकानाशी उतरली. बायको काठी टेकत टेकत सगळ्या टाक्यांवरून एक फेरी मारून आली. कोणत्याच टाकीला तिने बरं-वाईट म्हटलं नाही. एका टाकीत बोटाएवढे तपकिरी मासे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. तिथे ती थांबली.

"या माद्या का?"

"हो काकू. रंग सगळा नरांना."

"आणि ह्यांना काहीच ठेवलं नाही?"

"त्यांना काम आहे ना," दुकानदार म्हणाला. "ही बघा, हिची हनुवटी फुगलीय. तोंडात अंडी आहेत. तीन आठवडे तोंड मिटून बसते. खात नाही, पीत नाही. पिल्लं पोहायला लागली की मगच उघडते."

"अरे वा," बायको म्हणाली आणि त्या मादीकडे बराच वेळ बघत राहिली.

मग नरांच्या टाकीसमोर तिने स्टूल मागून घेतलं. बसली आणि म्हणाली, "हा वरचा दिवा बंद करा. दारातली खोकी जरा बाजूला घ्या, उजेड आत येऊ दे. आणि आता कोणी हलू नका."

दुकानदाराने मास्तरांकडे बघितलं. मास्तर दुसरीकडे बघत होते. ज्या गोष्टीसाठी ते अडतीस वर्षं कापड खिडकीत नेत आले आणि आता मासा दारात नेत होते, ती हिने बसल्या जागी स्टुलावरून केली होती. माशाला उजेडात न्यायच्या ऐवजी उजेडच आत बोलावला होता. इतकी साधी अक्कल आपल्याला का सुचली नाही, याचा त्यांना रागही आला आणि कौतुकही वाटलं.

दिवा गेल्याबरोबर मासे दगडांआड पळाले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दुकानदाराने एका गिऱ्हाइकाला खुणेनेच थांबवलं. मग एकेक बाहेर यायला लागला. पहिला आला तो तांबडा, अंगाने दांडगा, इतरांना ढुशा देत. तांबडा मात्र मास्तरांना अजून लख्ख दिसायचा. त्यांना एकदम सुटल्यासारखं झालं.

"तो तांबडा घेऊन टाकू," ते म्हणाले.

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला तांबडा कधीपासून आवडायला लागला?"

मास्तर पुन्हा टाकीकडे बघायला लागले. लग्नाच्या एवढ्या वर्षांत त्यांनी घरात तांबड्या रंगाची उशीसुद्धा येऊ दिली नव्हती.

"तो बघा," ती बोटाने न दाखवता, नुसत्या हनुवटीने खुणावत म्हणाली. "दगडाखालचा. त्या तांबड्याने त्याला दोनदा हाकलला, तरी तिसऱ्यांदा तिथेच आला. रंग अजून चढायचाय त्याला. कपाळावर आणि पंखाच्या कडेला आलाय. पण आलाय तो पक्का आहे."

मास्तर वाकले. त्यांना दगड दिसला, दगडाखाली मासा दिसला, आणि मासा दगडाच्याच रंगाचा दिसला. दुकानदार शेजारी उभा होता. काहीतरी बोलणं भाग होतं.

"हिरवट आहे," ते म्हणाले.

बायकोने हातातली काठी सावरली. मग दुकानदाराला म्हणाली, "मला जरा प्यायला पाणी आणता का? घसा कोरडा पडलाय." दुकानदार आतल्या खोलीत गेला.

"हिरवट नाहीये तो," ती हळू आवाजात म्हणाली.

मास्तरांनी काचेवर हात टेकवला. "मला दिसत नाही गं," ते म्हणाले. "निळा दिसत नाही. दीड वर्ष झालं."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"ते कार्ड. कपाट आवरताना हाताला लागलं. नापास तुकडा पासच्या जागी लावला होतात."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. अंदाज चुकला होता तर. दोन तुकड्यांतला एक निवडायचा, तोही चुकला होता.

"मग बदलला का नाहीस?"

"कार्ड तुमचं. सही तुमची. तुम्ही विचाराल म्हणून थांबले." ती टाकीकडेच बघत होती. "ती तपकिरी मादी तीन आठवडे तोंड मिटते म्हणे. मी दीड वर्ष मिटलंय. मला कोणी रंगीत मासा म्हणणार नाही ते वेगळं."

मास्तरांना हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरले. खिशातला रुमाल काढून त्यांनी काच पुसत असल्यासारखं केलं.

"आणि पडदे?" त्यांनी विचारलं.

"पडदे भयंकर आहेत."

"छान आहेत म्हणाली होतीस."

"तुम्ही इतके माझ्या तोंडाकडे बघत होतात. काय म्हणणार?"

दुकानदार पाणी घेऊन आला. मास्तर सरळ उभे राहिले. "हा दगडाखालचा द्या," ते म्हणाले. "हिने पास केलाय." हे वाक्य त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं होतं, आणि म्हणताना त्यांना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

दुकानदाराने जाता जाता सांगितलं, "काकू, हा अजून दबलेला आहे. तो तांबडा याच्या उरावर बसलेला असतो ना. स्वतःची जागा मिळाली की आठ-दहा दिवसांत फुलेल. तुम्ही ओळखलंत कसं पण?"

"ओल्या कापडाकडे बघून वाळल्यावर काय होईल ते सांगायचं असतं," ती म्हणाली. "मी तपासणीत होते." छत्री मात्र पुन्हा तिथेच राहिली, ती दुकानदाराने टॅक्सीपर्यंत आणून दिली.

चार माद्या आधी सोडल्या आणि तीन दिवसांनी नर. तो पहिले चार-पाच दिवस दगडांच्या आडच राहिला. लेकीने फोनवर बघितलं आणि तिचा हिरमोड झाला. "बाबा, हा तर राखाडी आहे. एवढं फिरून हा आणलात?"

"थांब जरा," मास्तर म्हणाले. "आईने पास केलाय." मग घसा खाकरून त्यांनी डोळ्यांचंही सांगून टाकलं, सरळ आणि थोडक्यात, हवापाणी सांगावं तसं. लेक रडली, रागावली, आणि अर्ध्या तासात तिने डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली. मोतीबिंदू होता. काढता येण्यासारखा होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झाल्यावर निळा इतका झगझगीत दिसेल की पहिले काही दिवस सोसवणार नाही. दीड वर्षाची भीती डॉक्टरांनी दहा मिनिटांत कागदावर लिहून हातात दिली, तेव्हा मास्तरांना आपलं आपल्यालाच ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली.

"म्हणजे पुढच्या महिन्यापासून पुन्हा सगळ्यांना नापास करत सुटणार तुम्ही," बायको म्हणाली.

नवव्या दिवशी दुपारी मास्तर आत कागद आवरत होते तेव्हा बाहेरून हाक आली, "अहो, इकडे या. सावकाश या, धावू नका."

ते आले. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर शिवण तसंच पडलं होतं. टाकीवरचा दिवा तिने बंद केला होता. खिडकीतून सरळ, शांत उजेड टाकीत पडत होता. मासा दगडांच्या बाहेर, टाकीच्या मधोमध, सगळे पंख पसरून उभा होता आणि माद्या त्याला वाट देत होत्या. मास्तरांना त्याचा आकार दिसला, डौल दिसला, पंखाच्या कडेला काहीतरी लवलवताना दिसलं. रंगाच्या जागी तोच चहाचा मळकटपणा.

ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले. "सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"रंग सांग."

तिने वेळ घेतला. समोरच्या घराच्या राखाडी भिंतीकडे आधी मिनिटभर बघितलं. ती हे करते, हे मास्तरांनी आजवर कधी बघितलं नव्हतं, किंवा बघूनही मनावर घेतलं नव्हतं. मग ती माशाकडे वळली.

"नाट्यगृहाचा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा रंगवून आला तो."

मास्तर उठले. आतल्या खणाच्या तळातून त्यांनी कार्ड काढलं, एक पेन घेतलं, आणि दोन्ही तिच्या मांडीवर ठेवलं. तिने गंजलेल्या टाचण्या जपून काढल्या, शिवणाच्या डब्यातल्या दोन नव्या घेतल्या, डावा तुकडा उजवीकडे लावला आणि उजवा डावीकडे. आता उजवीकडे आलेला पास तुकडा तिने कार्डासकट काचेशी धरून बघितला. मासा त्याच्याकडे बघायला पुढे आला.

"आता मागे सही कर," मास्तर म्हणाले.

"कशाला? तुमची आहे की."

"माझी चुकीच्या शिक्क्याची आहे. माल अडवला कोणी, ते कुठेच लिहिलेलं नाही."

तिने कार्ड उलटं केलं. जुनी शाई तपकिरी पडली होती. तारीख, क्रमांक, आणि त्याखाली सत्तावीस वर्षांच्या माणसाची ऐटबाज सही. तिने पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ तसंच हातात धरलं आणि मग एकेक अक्षर जपून लिहिलं. मास्तरांनी कार्ड अगदी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. नाव तिचंच होतं. आडनाव लग्नाआधीचं होतं.

"त्या दिवशी माझं हेच होतं," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चारला अजून पंधरा मिनिटं होती.